वगळलेला धडा : पुरुषाची प्रजननसंस्था

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. या शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेल्यामुळे दहावीच्या वर्गाचे त्यांचे काही तास माझ्याकडे सोपविण्यात आले. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तरीही पाठ्यपुस्तक हाती आहे, तेव्हा निभावून नेऊ, अशा विश्वासाने वर्गात गेलो. पुस्तक उघडले, तो 'प्रजनन' हा पाठ समोर आला. मागच्या बाकांवरून दबलेले हसू ऐकू आले. मुलींनी माना खाली घातल्या. आणि मी, सत्य सांगावयाचे तर, घसा खाकरून म्हणालो, "हा पाठ तुम्ही घरी वाचून घ्या." पाने उलटली आणि पुढचा पाठ सुरू केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत पोट दुखते म्हणून घरी गेला. घरच्यांनी त्याला ओवा चावावयास दिला, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, रात्री पोट शेकले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उलट्या थांबेनात, तेव्हा रुग्णालयात नेले. दुखणे पोटाचे नव्हतेच. उजव्या वृषणाला पीळ पडला होता आणि तो सोडविण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. शस्त्रक्रिया करून ते वृषण काढून टाकावे लागले. मी भेटावयास गेलो आणि विचारले, "अरे, खरे दुखणे कोठे आहे ते सांगितले का नाहीस?" तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "कोणत्या शब्दांत सांगू, सर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो. घरच्या भाषेत त्या अवयवांना जी नावे आहेत ती शिवीगाळीच्या उपयोगाची. आईपाशी ती उच्चारता येत नाहीत. पुस्तकी मराठीत जी सभ्य नावे आहेत ती ज्या पाठात होती, तो पाठ मी वगळला होता. दोन भाषा अवगत असून त्या मुलाला एकीतही आपले दुखणे सांगता आले नाही.

तो वगळलेला पाठ आज या अंकात, त्या माजी विद्यार्थ्याच्या अनुमतीने, पुरा करीत आहे. आमच्या विज्ञानशिक्षकांनी लेख वाचून माझ्या चुका दुरुस्त केल्या आहेत. मुलींनीही तो वाचावा. त्यांना भाऊ आहेत, पुढे मुलगेही असतील.

प्रथम नावे. ज्याला व्यवहारात अंड किंवा गोटी म्हणतात, त्या ग्रंथीचे नाव वृषण. वृषणे दोन असतात. प्रौढ पुरुषात प्रत्येक वृषण सुमारे चार ते पाच सेंटिमीटर लांब, लंबगोल व गुळगुळीत असते. ती ज्या त्वचेच्या पिशवीत असतात तिला वृषणकोश म्हणतात. मूत्रविसर्जनाचा बाह्य अवयव तो शिश्न. बहुतेकांचे डावे वृषण उजव्याहून थोडे खाली असते. यात काही वैगुण्य नाही. "डॉक्टर, माझे वृषण दुखत आहे," हे वाक्य "माझा गुडघा दुखत आहे" याइतकेच सभ्य आहे.

आता एक नवलाची गोष्ट. वृषणे जेथे दिसतात तेथे ती जन्मास येत नाहीत. आईच्या उदरात बालकाचा पिंड घडत असताना वृषणे त्याच्या पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतात. तेथून ती हळूहळू खाली सरकतात आणि सामान्यतः गर्भावस्थेच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जांघेतील एका अरुंद वाटेने वृषणकोशात उतरतात. स्थलांतर करताना मूळ गावचे संबंध मात्र ती तोडीत नाहीत. त्यांना रक्त पुरविणारी धमनी मूत्रपिंडाच्या धमनीच्या जवळच, पाठीच्या कण्यापुढील महाधमनीतून निघते व एवढे अंतर खाली येते. मज्जातंतूही पोटातूनच येतात. यामुळे वृषणाला इजा झाली की कळ ओटीपोटात व बेंबीभोवती उमटते. क्रिकेटचा चेंडू ज्याला तेथे लागला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. सांगण्याचा मुद्दा हा, की आमचा विद्यार्थी "पोट दुखते" म्हणाला, तेव्हा तो सर्वस्वी खोटे बोलत नव्हता. त्याने निम्मे सांगितले. उरलेले निम्मे लज्जेने गिळले.

काही बालकांत एखादे वृषण खाली उतरतच नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते पुष्कळदा आपोआप उतरते. सहा महिन्यांपर्यंत न उतरल्यास शल्यचिकित्सकाला दाखवावे लागते. मोठेपणी पाहू, असे म्हणून दिवस काढण्यात हानी आहे. ज्या वाटेने वृषण उतरते ती वाट नीट बुजली नाही, तर तीतून आतड्याचा भाग खाली येतो. अंतर्गळ म्हणतात तो विकार पुष्कळदा हाच.

इतक्या नाजूक अवयवाला निसर्गाने पोटाच्या सुरक्षित पेटीतून बाहेर का काढले असावे? मानवात शुक्राणू तयार होण्यास शरीराच्या 37 अंश सेल्सियसपेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. वृषणकोश ही जणू थंड हवेची ओसरी होय. थंडीत तिचे स्नायू आकुंचन पावून वृषणे शरीराजवळ ओढून घेतात, उन्हाळ्यात ते सैल पडतात. शिवाय वर परत जाणाऱ्या थंड रक्ताच्या शिरांचे जाळे खाली येणाऱ्या उष्ण धमनीभोवती गुंडाळलेले असते. त्यामुळे खाली येणारे रक्त वाटेतच निवते. सर्व प्राण्यांत मात्र अशी व्यवस्था नाही. हत्तीची वृषणे आयुष्यभर पोटातच, मूत्रपिंडाजवळ राहतात. कोंबड्याचीही पोटातच असतात. या कोंबड्याची पुढे आपणास आठवण ठेवावी लागेल.

या टांगत्या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागते. धमनी, शिरा, मज्जातंतू व शुक्रवाहिनी यांची मिळून एक दोरी बनते. तिला वृषणरज्जू म्हणतात. वृषण या दोरीला लोंबकळते. काही मुलांत ते आपल्या जागी जन्मतःच सैल बांधलेले असते आणि एखादे दिवशी, खेळताना किंवा झोपेतसुद्धा, ते स्वतःभोवती फिरते. दोरीला पीळ पडतो व रक्तप्रवाह अडतो. पाण्याच्या रबरी नळीला पीळ पडला म्हणजे काय होते, ते आपण अंगणात पाहतोच. हा प्रकार विशेषतः बारा ते अठरा या वयात, म्हणजे नेमका माध्यमिक शाळेच्या वयात, घडतो. एका बाजूस अकस्मात तीव्र कळ, मळमळ किंवा उलटी, सूज, आणि ते वृषण वर ओढल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे. सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेने पीळ सोडविला तर बहुधा वृषण वाचते. चोवीस तास उलटल्यावर क्वचितच वाचते. शेकणे, चोळणे, वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे, यांपैकी काहीही करू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवावे आणि शल्यचिकित्सक असेल अशा रुग्णालयात जावे. दुसऱ्या बाजूसही हाच धोका असू शकतो, म्हणून त्याच वेळी दुसरे वृषणही टाके घालून जागी स्थिर करतात.

याउलट न दुखणारी गाठही दडवू नये. वृषणाचा कर्करोग विरळ असला, तरी तो म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत अधिक आढळतो आणि वेळीच कळला तर बहुधा पूर्ण बरा होतो.

रुग्णालयातील दुसऱ्या भेटीत त्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. तो त्याने डॉक्टरांना विचारला नव्हता. "एकावर भागेल का, सर?" आवाज, मिशी, पुढे लग्न, मुले, हे सारे त्या चार शब्दांत होते. याचे उत्तर देण्यापूर्वी वृषण कामे कोणती करते ते पाहिले पाहिजे. ती दोन आहेत, आणि ती दोन आहेत हे उमगण्यास माणसाला फार काळ लागला.

पहिले काम शुक्राणू घडविण्याचे. वृषणाच्या आत दोनशे ते तीनशे कप्पे असतात आणि त्यांत केसासारख्या बारीक नलिका वेटोळी घालून बसविलेल्या असतात. एका वृषणातील साऱ्या नलिका सरळ करून एकापुढे एक मांडल्या, तर त्यांची लांबी दोनशे मीटरच्या वर भरेल. म्हणजे आपल्या क्रीडास्पर्धेतील दोनशे मीटरची धाव पुरी होऊन थोडी उरेल. या नलिकांच्या भिंतींत मूळ पेशी असतात. त्यांचे विभाजन होत होत शुक्राणू बनतात. शरीराच्या इतर पेशींत 46 गुणसूत्रे असतात. शुक्राणूत 23 च. उरलेली 23 मातेच्या बीजांडातून यावयाची असतात. एक शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज मोठा ताप येऊन गेला, तर त्याचा परिणाम शुक्राणूंच्या संख्येवर पुढील दोन-तीन महिने दिसू शकतो. हा कारखाना मात्र थांबत नाही. निरोगी प्रौढात दिवसाला कोट्यवधी शुक्राणू तयार होत असतात, आणि उतारवयातही हे काम, मंदावले तरी, चालूच राहते.

शुक्राणू प्रथम पाहिले गेले ते 1677 मध्ये, हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी. पाहणारा गृहस्थ विद्वान प्राध्यापक नव्हता. लेव्हेनहूक नावाचा तो एक कापडाचा व्यापारी. स्वतः भिंगे घासून त्याने सूक्ष्मदर्शक बनविले होते. लायडन येथील हाम नावाच्या विद्यार्थ्याने त्याचे लक्ष या विषयाकडे वेधले. वीर्याच्या थेंबात शेपटीवाले असंख्य जीव वळवळताना दिसताच त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहिले. पत्रात त्याने असेही कळविले, की हा मजकूर विद्वानांना किळसवाणा वाटल्यास त्यांनी तो प्रसिद्ध करू नये. सोसायटीने तो प्रसिद्ध केला, परंतु लॅटिन भाषेत. तेव्हा अवघड विषय जडभाषेच्या पडद्याआड ठेवण्याची चाल आपलीच आहे असे कोणी समजू नये.

शुक्राणूची लांबी सुमारे एका मिलिमीटरचा विसावा भाग. डोक्यात गुणसूत्रे, मानेशी शक्ती पुरविणारा भाग, मागे शेपूट. नलिकांतून बाहेर पडताना मात्र त्याला धड पोहताही येत नाही. वृषणाच्या पाठीशी अधिवृषण नावाची सुमारे सहा मीटर लांबीची, गुंडाळी केलेली एकच नलिका असते. तीतून जाण्यास त्याला दीड-दोन आठवडे लागतात आणि त्या प्रवासात तो परिपक्व होतो. पुढे शुक्रवाहिनी त्याला जांघेतून पुन्हा पोटात, मूत्राशयाच्या मागे नेते. तेथे शुक्राशय या दोन ग्रंथी आपला रस मिसळतात. मूत्राशयाच्या खाली पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे घरातील वृद्धांच्या तोंडून ऐकू येणारे 'प्रोस्टेट', आपला पातळ रस घालते. या मिश्रणाचे नाव वीर्य. शेवटची वाट मूत्रमार्गाचीच, शिश्नातून जाणारी. पण वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचे तोंड आवळले जाते, त्यामुळे दोन्ही एकत्र होत नाहीत. शिश्नात हाड नसते. स्पंजासारख्या ऊतकाचे तीन स्तंभ असतात व त्यांत रक्त साठले म्हणजे त्याला ताठरपणा येतो. वाढत्या वयात हे झोपेत किंवा अकारणही घडते.

वृषणाचे दुसरे काम ज्या प्रयोगाने उघडकीस आले, तो मला सर्व विज्ञानात सुंदर वाटतो, कदाचित तो समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही म्हणून असेल. वळू आणि बैल यांतील भेद आपल्या शेतकऱ्याला शतकानुशतके ठाऊक आहे. गोऱ्ह्याला खच्ची केले की त्याचा उग्रपणा जातो, मानेवरची चरबट वाढ होत नाही, तो जुवाखाली शांत चालतो. परंतु असे का होते? जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथील प्राध्यापक बेर्टोल्ट यांनी 1849 मध्ये कोंबड्याची काही नर पिल्ले घेतली व त्यांची वृषणे काढली. ज्यांत ती परत ठेवली नाहीत, त्यांचा तुरा खुरटला. ती आरवेनात, भांडेनात. काहींच्या पोटात मात्र त्यांनी एक वृषण नव्या जागी नुसते ठेवून दिले. ती पिल्ले चांगली तुरेबाज, आरवणारी, झुंजणारी झाली! पुढे ती उघडून पाहिली, तेव्हा त्या वृषणाला मज्जातंतू जोडलेले नव्हते. नव्या रक्तवाहिन्या तेवढ्या फुटल्या होत्या. म्हणजेच वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर तुऱ्यापर्यंत, कंठापर्यंत, मेंदूपर्यंत पोचते. हे 'काहीतरी' शुद्ध स्वरूपात हाती येण्यास 1935 साल उजाडले. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. नलिकांच्या मधल्या जागेतील पेशी ते तयार करतात. असल्या रक्तातून संदेश नेणाऱ्या द्रव्यांना आपण संप्रेरके म्हणतो.

टेस्टोस्टेरॉन बालपणी फारच थोडे असते. मग साधारणपणे नऊ ते चौदा या वयात केव्हातरी मेंदूच्या तळाकडून पोषग्रंथीला आज्ञा सुटते, पोषग्रंथीची संप्रेरके वृषणाला जागे करतात आणि शरीर पालटू लागते. प्रथम वृषणे वाढतात, मग लव येते, उंची झपाट्याने वाढते, स्वरयंत्र मोठे होते. गेल्या स्नेहसंमेलनात नाट्यपद म्हणता म्हणता एका मुलाचा आवाज फाटला आणि सभागृह हसले. त्याचा रियाज कमी पडला नव्हता. त्याच्या स्वरतंतूंची लांबी वाढत होती. पुष्कळ मुलांना याच काळात छातीत दुखरी गाठ जाणवते व ते मनात झुरतात. ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. एकाला हे बदल दहाव्या वर्षी, दुसऱ्याला चौदाव्या वर्षी सुरू होतात. चौदा उलटूनही चिन्ह दिसले नाही, तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा "एकावर भागेल का?" याचे उत्तर : निरोगी असलेले एक वृषण दोन्ही कामे निभावून नेते. संप्रेरकही पुरते, शुक्राणूही पुरतात. एका मूत्रपिंडावर माणसे जगतात, तसेच हे. मी त्या दिवशी हे सांगू शकलो नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितले.

आता एका जुनाट भयाविषयी. बसस्थानकाच्या भिंतीवर 'गुप्तरोग', 'धातुक्षय', 'खात्रीशीर इलाज' अशा पाट्या आपण पाहतो. आता तेच मजकूर मोबाइलवरही येतात. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या चाळीस थेंबांतून बनतो, ही समजूत त्यांचे भांडवल. आयुर्वेदात शुक्र हा सात धातूंपैकी शेवटचा मानला आहे. त्या कल्पनेला लोकांनी पुढे हा हिशेब चिकटविला. वस्तुस्थिती काय? वीर्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग शुक्राशयांचा रस, बराचसा उरलेला पुरःस्थ ग्रंथीचा. शुक्राणूंचा वाटा शेकडा पाचच्या आतच. त्यात मुख्यतः पाणी, थोडी साखर, प्रथिने व क्षार असतात. लाळ जशी ग्रंथी तयार करतात तसेच हे. वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्यपतन होते, त्याला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. या शब्दातील 'दोष' कोणी घातला न कळे, पण त्या दोन अक्षरांनी पिढ्यानपिढ्या मुलांची झोप उडविली आहे. त्याने अशक्तपणा येत नाही, बुद्धी मंद होत नाही, उंची खुंटत नाही. अशक्तपणा येतो तो भीतीने जेवण-झोप गेल्यामुळे. ही भीती आपल्या देशात इतकी रुजलेली, की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले.

हे सर्व मराठीत प्रथमच लिहिले जात आहे असेही नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले व 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. 1934 मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वेही डॉक्टर नव्हते; गणिताचे प्राध्यापक होते. इतिहासाच्या शिक्षकाला त्यांचा आधार वाटतो.

शेवटी एक गोष्ट राहिली, आणि तीत मुलींचा संबंध मुलांहून अधिक. शुक्राणूतील 23 गुणसूत्रांपैकी एक 'एक्स' किंवा 'वाय' असते. बीजांडात नेहमी 'एक्स'च असते. 'एक्स' असलेला शुक्राणू बीजांडास मिळाला तर मुलगी, 'वाय' असलेला मिळाला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक स्त्रीने 1905 मध्ये पिठात होणाऱ्या किड्यांवर काम करताना हा भेद ओळखला. मुलगा की मुलगी हे पित्याकडून आलेल्या शुक्राणूवर ठरते. आणि पित्याच्याही हाती त्यातले काही नसते. असे असता आपल्याकडे मुलगी झाल्याबद्दल बोल कोणाला लावला जातो, ते सर्वांस ठाऊक आहे. मूल न झाल्याबद्दलही तसेच. निपुत्रिक दांपत्यांपैकी पुष्कळ ठिकाणी कारण पतीकडे, किंवा दोघांकडे मिळून असते; पण तपासणीला प्रथम पाठविली जाते ती सून.

तो विद्यार्थी आता एकोणतीस वर्षांचा आहे. गेल्या वैशाखात त्याच्या घरी बारसे होते, मला आमंत्रण होते. मुलगी झाली होती. पाळण्याशी बसलेल्या एका वृद्ध आत्याबाई सुनेला म्हणाल्या, "असू दे हो, पुढच्या वेळी तरी मुलगा दे." तो पाहुण्यांना पेढे वाटीत होता. तसाच थांबून म्हणाला, "आत्या, तिला काय सांगतेस? ते माझ्याकडून ठरतं." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली आणि पेढा घेतला.